मापाची सीट

गेल्या पाच वर्षांत माझ्या सायकलला एकामागून एक चार सीट लागल्या. पहिली सायकलीबरोबर आलेली, दुसरी दुकानदाराच्या सल्ल्याने घेतलेली रुंद आणि स्प्रिंगची, तिसरी मधोमध पोकळी असलेली आणि चौथी चामड्याची. या बदलाबदलीतून जे कळले ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. आमच्या गटात लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे नव्याने वळणाऱ्या स्त्रिया गिअरबद्दल किंवा टायरबद्दल चारचौघांत मोकळेपणाने विचारतात. सीटबद्दल मात्र त्या मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात. पाच वर्षांपूर्वी मला तसे विचारायला कोणी सापडले असते, तर माझी दोन वर्षे वाचली असती.

माझी पहिली बीआरएम दोनशे किलोमीटरची होती. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत, बाहेरची मदत न घेता पूर्ण करायचा लांब पल्ला. पॅरिसमध्ये 1904 साली स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ हा क्लब या उपक्रमाचे नियम जगभरासाठी ठरवतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत परत यायचे, एवढेच. त्यामुळे वेगापेक्षा इतके तास सीटवर बसवते की नाही, हाच खरा प्रश्न असतो.

आमचा मार्ग पुण्याहून साताऱ्यापर्यंत आणि परत असा होता. पहाटे सहाला निघालो, शिरवळला चहा झाला, खंबाटकीचा घाट मी न उतरता चढले, आणि तोवर सीट नावाची काही वस्तू आपल्याखाली आहे याची आठवणही झाली नव्हती. साताऱ्याहून मागे वळल्यावर साधारण एकशे दहाव्या किलोमीटरला बसण्याच्या जागी मुंग्या येऊ लागल्या आणि पुढच्या अर्ध्या तासात ती जागा पूर्ण बधिर झाली. मी पॅडलवर उभी राहायची, संवेदना परत यायची, बसले की दहा मिनिटांत पुन्हा तेच. उरलेले नव्वद किलोमीटर असे उठत-बसत काढले आणि वेळ संपायला चाळीस मिनिटे राहिली असताना पोहोचले. पुढचे तीन दिवस सूज होती. जेवायला पाटावर बसता येत नव्हते आणि घरात कारण सांगवत नव्हते.

त्या आठवड्यात मी दुकानात गेले. दुकानदार सज्जन होता, पण त्याचे उत्तर ठरलेले होते. ‘‘ताई, सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं. सवय होईल.’’ एवढे म्हणून त्याने मला एक रुंद, स्प्रिंगची, भरपूर फोमची सीट दिली आणि तिच्यावर घालायला जेलचे कव्हरही दिले. अंगठ्याने दाबून पाहिले तर ती उशीसारखी दबत होती. मला वाटले, सुटले एकदाची.

‘सवय होईल’ हे वाक्य मला आजही मान्य नाही, कारण त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र केली जातात. आपण ताठ बसतो तेव्हा शरीराचा भार ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर येतो. पाटावर बसून डावी-उजवीकडे झुकले की ती स्पष्ट बोचतात. नवी सायकल घेतली किंवा बऱ्याच दिवसांनी चालवली की या हाडांवरचे स्नायू दुखतात आणि दोन-तीन आठवड्यांत ते दुखणे खरोखरच ओसरते. त्याला सवय म्हणायला हरकत नाही. बधिरपणाचे तसे नाही. दोन हाडांच्या मधल्या मऊ भागातून पुडेंडल नावाची नस आणि रक्तवाहिन्या जातात. हाडांनी उचलायचा भार या भागावर पडला की नस दाबली जाते, रक्तपुरवठा कमी होतो आणि जागा बधिर होते. ही शरीराची तक्रार आहे आणि ती सवयीने शमत नाही. ती अंगावर काढली तर दुखणे लांबते. सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास केल्यावर अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने 2009 साली अशा कामासाठी पुढचा निमुळता भाग, म्हणजे नाक, नसलेली सीट वापरण्याची शिफारस केली होती. तो अभ्यास पुरुषांचा होता, पण मूळ कारण स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. स्त्रियांमध्ये याच दाबाने बाहेरच्या भागाला सूज येते, त्वचा सोलवटते आणि बऱ्याच जणी ‘आपल्याला सायकल झेपत नाही’ असे म्हणून ती विकून टाकतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण झेपत नसते ती सीट.

आता त्या रुंद सीटविषयी. पहिल्या वीस किलोमीटरपर्यंत ती सुखाची होती. मग हाडे फोममध्ये रुतू लागली, बाजूला सरकलेला फोम आणि जेल मधल्या भागात वर आले, आणि ज्या जागेवर अजिबात दाब नको होता तिथेच तो पहिल्यापेक्षा वाढला. शिवाय सीट पुढच्या बाजूलाही रुंद असल्यामुळे प्रत्येक पॅडलला मांड्या घासत होत्या. पॅडल मिनिटाला ऐंशी वेळा फिरते, म्हणजे तासाला प्रत्येक मांडी चार हजार आठशे वेळा घासली जाते. दोन महिन्यांत मला तीन वेळा केसतूड झाले. जेलचे कव्हर तर जागचे सरकायचे आणि त्याची शिवण भलत्याच जागी यायची. मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भर घालण्यासाठी वापरतात, तो इथे अक्षरशः लागू पडतो.

पण मग वडिलांच्या सायकलीचे काय, असा प्रश्न मला पडला. त्यांची काळी, बावीस इंची सायकल होती, तिची सीट अशीच रुंद आणि स्प्रिंगची होती, आणि ते तिच्यावरून रोज कामाला जात असत. फरक बसण्याच्या ढबीत होता. त्या सायकलवर पाठ सरळ राहते, भार जवळजवळ पूर्ण सीटवर येतो आणि अंतरही सहा-सात किलोमीटरचे असते. माझ्या सायकलवर अंग पुढे झुकते, भार हात, पाय आणि सीट असा वाटला जातो, आणि झुकल्यामुळे ओटीपोट पुढे कलते. बसण्याची हाडे ही दोन टोके नसून झुलत्या खुर्चीच्या खालच्या दांड्यांसारखी लांबट आहेत आणि पुढे जाताना ती एकमेकांच्या जवळ येतात. त्यामुळे ताठ बसल्यावर जेवढी रुंदी लागते, त्यापेक्षा झुकून बसल्यावर कमी लागते. वडिलांची सीट त्यांच्या सायकलला योग्य होती आणि तिचीच नक्कल माझ्या सायकलवर अयोग्य ठरली.

म्हणजे आधी माप हवे. पायात नऊ नंबरची चप्पल लागते हे आपण तोंडपाठ सांगतो, पण बसण्याच्या हाडांमधले अंतर किती, हे मला त्रेचाळीस वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हते. काही दुकानांत त्यासाठी फोमची गादी असते, पण घरीही हे माप निघते. पार्सलच्या खोक्याचा, आत नालीदार कागद असलेला पुठ्ठा मी जिन्याच्या पायरीवर ठेवला, पातळ पायजमा घालून त्यावर बसले, टाचा उचलल्या आणि हँडल धरल्यासारखी पुढे वाकले. दोन्ही हातांनी पायरीची कड धरून स्वतःला खाली ओढले, मिनिटभर तशीच थांबले आणि उठले. पुठ्ठ्यावर तिरपा उजेड पाडल्यावर दोन खळगे दिसले, पण त्यांच्या कडा स्पष्ट नव्हत्या; म्हणून मुलीच्या कंपासपेटीतली पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली, तेव्हा वरचा सपाट भाग काळा झाला आणि खळगे पांढरे राहिले. दोन्हींच्या मध्यबिंदूंमधले अंतर भरले एकशे अठ्ठावीस मिलिमीटर. तीन वेळा मोजले आणि दोन मिलिमीटरांच्या आत तेच आले. तो पुठ्ठा मी तारीख घालून जपून ठेवला आहे.

या अंतरात साधारण वीस ते तीस मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. फार झुकून चालवणाऱ्याने वीसच्या आसपास राहावे, ताठ बसणाऱ्याने तिसाच्या. माझे उत्तर एकशे त्रेपन्न आले. सायकलीबरोबर आलेल्या सीटची रुंदी मोजली तर ती एकशे त्रेचाळीस होती. म्हणजे माझी हाडे सीटच्या उतरत्या कडांवर येत होती आणि भार मधल्या भागावर जात होता. सातारा रस्त्यावरच्या त्या नव्वद किलोमीटरांचा उलगडा एका सेंटिमीटरात झाला. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असते हे खरे आहे, पण माणसामाणसांत फरक इतका असतो की ‘लेडीज सीट’ या पाटीवर विसंबू नये. आमच्या गटातल्या एका सहा फुटी गृहस्थांचे माप माझ्यापेक्षा बारा मिलिमीटरने जास्त निघाले. उंची किंवा अंगकाठी पाहून हाडांचा अंदाज येत नाही.

तिसरी सीट म्हणून मी एकशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीची, कमी पण घट्ट फोमची आणि मधोमध आरपार पोकळी असलेली घेतली. ही पोकळी हल्ली सर्रास दिसते. रॉजर मिंकाव या डॉक्टरांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीसाठी मऊ भागावरचा दाब कमी करणारी रचना केली, तेव्हापासून तिचा प्रसार झपाट्याने झाला. मला पोकळीचा फायदा झाला. माझ्या मैत्रिणीला मात्र तीच सीट चालली नाही, पोकळीच्या कडाच तिला बोचू लागल्या आणि तिने आरपार पोकळीऐवजी उथळ खाच असलेली सीट घेतली. माप कळल्यावर निवड पन्नासांवरून पाच-सहांवर येते. त्यापुढे मात्र बसून पाहण्यावाचून इलाज नाही. शक्य असेल तर दुसऱ्याची सीट उसनी आणावी आणि किमान तीन वेळा पन्नास-साठ किलोमीटर चालवावी. दुकानातल्या पाच मिनिटांत मऊ सीटच जिंकते.

सीट योग्य असली तरी ती बसवली कशी आहे यावर निम्मे सुख अवलंबून असते, आणि या गोष्टीला पैसे पडत नाहीत. आधी उंची. भिंतीला पाठ लावून, पायांत पुस्तक वर दाबून धरून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला 0.883 ने गुणावे. पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढे अंतर येते. माझे माप चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, म्हणून सीटची उंची सव्वापासष्टच्या आसपास. हे सुरुवातीचे माप आहे, शेवटचे नव्हे. सीट जास्त उंच असली की पॅडल खाली जाताना कंबर त्या बाजूला कलते, आणि कलणारी कंबर म्हणजे घासणारी त्वचा. मागून चालवणाऱ्या सोबत्याला आपली कंबर हलते का ते पाहायला सांगावे. स्वतःला ते कळत नाही.

सीट पुढे-मागे किती सरकवायची, यासाठी मी गवंड्याचा ओळंबा वापरला. सायकल भिंतीला टेकवून, दोन्ही पॅडल आडव्या रेषेत आणून, पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या खालून दोरी सोडली की ओळंबा पॅडलच्या आसावर यावा, असा जुना संकेत आहे. त्याला शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे असे मी म्हणणार नाही, पण सुरुवात कुठून करावी हे त्यामुळे ठरते. माझी सीट दीड सेंटिमीटर जास्त पुढे होती. मागे घेतल्यावर तळहातांवरचा भार लगेच हलका झाला.

तिसरी गोष्ट सीटचा कल, आणि इथे अर्धा अंशही जाणवतो. नाक वर असले तर मऊ भाग दाबला जातो. खाली असले तर आपण पुढे घसरत राहतो, आणि ते घसरणे हातांनी थोपवावे लागल्यामुळे मनगटे आणि खांदे भरून येतात. दोन वर्षे मी खांद्यांच्या दुखण्यासाठी व्यायाम करत होते आणि कारण सीटचा बोल्ट फिरवणाऱ्या षटकोनी एलन कीच्या पाव फेऱ्यात होते. सीटवर सपाट फळी ठेवून, तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून आधी सीट पूर्ण समपातळीत आणावी, वीस किलोमीटर जावे, आणि मगच गरज वाटल्यास नाक किंचित खाली करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. माझ्या वहीत ‘नाक किंचित खाली, उंची तीच, पासष्ट किमी, उजवी मांडी ठीक’ अशा नोंदींची चार पाने आहेत, आणि त्या नोंदींचा मला कोणत्याही महागड्या वस्तूपेक्षा जास्त उपयोग झाला.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगते. पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते. त्याची शिवण आणि ओलावा यांनीच निम्मी केसतुडे होतात. आपल्या हवेत घाम थांबत नाही, म्हणून घासणाऱ्या जागी आधीच क्रीम लावावे, पल्ला संपल्याबरोबर कपडे बदलावेत आणि शॉर्ट दर वेळी धुऊन, आतली बाजू बाहेर करून वाळवावी.

चौथ्या, चामड्याच्या सीटवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती मला मनापासून आवडते. बर्मिंगहॅममध्ये 1866 साली जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी घोड्यांच्या साजाचा कारखाना काढला आणि 1882 साली सायकलच्या सीटचे पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीची बी-17 ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत बनते आहे. खोगीर करणाऱ्या हातांनीच सायकलची सीट केली. तिच्यात फोम नाही, गादी नाही, खाली प्लॅस्टिकचा साचाही नाही. जाड चामड्याचा एक तुकडा पुढे नाकाशी आणि मागे पट्टीला रिव्हेट मारून ताणलेला असतो, जशी बाज विणून ताणतात तसा. बाजेवर रोज एकाच जागी बसले की विणीला तिथे झोळ पडतो, तसेच चामडे हाडांखाली हळूहळू खोलगट होते. माझ्या सीटला त्यासाठी सहाशे किलोमीटर लागले. पहिल्या दीडशे किलोमीटरांत ती पाटासारखी कडक होती आणि पैसे वाया गेले असे वाटले होते. आज तिच्यावर तळहात फिरवला की दोन उथळ वाट्या लागतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मी पट्टीने मोजले आहे. ते एकशे तीस मिलिमीटर आहे, आणि पुठ्ठ्याने सांगितले होते एकशे अठ्ठावीस.

या सीटची निगा राखावी लागते. वर्षातून दोन-तीनदा तिच्यासाठी मिळणारे मेण चोळावे लागते, आणि नाकाखालचा ताणाचा नट पाव फेरापेक्षा जास्त कधीही आवळू नये, नाहीतर चामडे रिव्हेटपाशी फाटते. ज्यांना चामडे वापरायचे नाही त्यांच्यासाठी हीच कंपनी रबर आणि सुती कापडाची कॅम्बियम नावाची सीट करते. तीही ताणलेली असते, पावसात चालते आणि मुरवावी लागत नाही, मात्र ती अंगाचा आकार चामड्याइतका घेत नाही.

घाटापेक्षा सपाट रस्ता सीटची परीक्षा जास्त घेतो, हे मला सोलापूर रस्त्यावरच्या तीनशे किलोमीटरच्या बीआरएममध्ये उमगले. चढावर जोर पॅडलवर असतो, माणूस मधूनमधून उभा राहतो, उतारावर अंग उचलले जाते, त्यामुळे भाराची जागा सतत बदलते. इंदापूरच्या पुढे तासन् तास एकच वेग, एकच गिअर आणि एकच बैठक असते, आणि त्या एकसुरीपणात लहानशी चूकही ठणकू लागते. म्हणून तिथे मी दर पंधरा मिनिटांनी, दुखत असो वा नसो, दहा पॅडल उभी राहून मारते. त्या दिवशी मी साडेअठरा तासांत पोहोचले. मुंग्या एकदाही आल्या नाहीत, आणि घरी आल्यावर मी पाटावर मांडी घालून जेवले.

जूनचा पहिला पाऊस झाला की चामड्याची सीट मी काढून ठेवते, कारण ओले चामडे भाराखाली बेढब ताणले जाते आणि आमच्या बंद कपाटात त्याला आठ दिवसांत बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसून ती पंख्याखाली सुकवते आणि सुती पिशवीत घालून टांगून ठेवते. तिच्या जागी एकशे पंचावन्नची पोकळीची सीट चढते. दोन्हींची जाडी सारखी नसल्यामुळे सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, मी पांढऱ्या ऑइल पेंटने दोन बारीक रेघा मारल्या आहेत, एकीपुढे ‘चा’ आणि दुसरीपुढे ‘पो’. दिवाळीच्या सुमारास रस्ते कोरडे झाले की पुन्हा ‘चा’ची रेघ धरायची, फळी आणि लेव्हल ठेवून कल तपासायचा आणि पहिल्या रविवारी शिरवळपर्यंतच जाऊन यायचे.